साडेअकरा फुटांत सहा दिवस

आमच्या स्वयंपाकघरातल्या मधल्या ड्रॉवरला अकरा वर्षं मूठ नाही. तो उघडायचा तर चमच्याचा दांडा वरच्या फटीत घालून पुढे ओढावा लागतो. माझा नवरा गावातला सगळ्यात चांगला सुतार आहे हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे मी एवढी का वैतागलेली असते ते वेगळं समजावत बसायला नको.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांच्या पाठीमागे मीही तेच म्हणते. पुढे दुकान आणि मागे घर. दुकानाच्या अर्ध्या भागात ते कपाटं करतात, अर्ध्या भागात मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. त्यांचं नाव झालंय ते एका गोष्टीमुळे. त्यांनी बसवलेलं दार कितीही ओल असली तरी अडकत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तेच भाषण देतात. "लाकूड कापलं तरी जिवंत असतं बरं का. ओल लागली की फुगतं. त्याला अंग पसरायला जागा सोडावी लागते." मग दार आणि चौकट यांच्यामधून एक नाणं सरकवून दाखवतात. हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की मशीन चालवताना माझे ओठ आपोआप हलायला लागतात.

तीन वर्षांपूर्वी ते खाडीकाठच्या एका क्लबात कपाटं बसवायला गेले आणि तिथल्या भिंतीवर एक लांबलचक फळी बघून आले. तिच्यावर नावं कोरलेली होती. दरवर्षी किनाऱ्याकिनाऱ्यानं छोट्या होड्यांची एक शर्यत होते. सहा दिवस, एकशे ऐंशी किलोमीटर. इंजीन चालत नाही, फक्त शीड आणि वल्ही. होडी स्वतः बनवलेली हवी आणि तिच्यात माणसं दोनच. सहाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत जे पोचतात, त्यांची नावं त्या फळीवर कोरतात.

"दोनशे घरांत माझं काम आहे," त्या दिवशी जेवताना मिस्त्री म्हणाले. "एका तरी कामावर माझं नाव आहे का?"

"कपाटावर कोण नाव घालतं?"

"तेच म्हणतोय मी."

दुसऱ्या दिवशी हॉलमधला सोफा दुकानात गेला आणि हॉलमध्ये होडीनं पथारी पसरली. साडेअकरा फूट लांब. साडेअकराच का, तर हॉल बारा फुटांचा. रुंदी किती, तर पुढचं दार बिजागऱ्यांतून काढलं की चौकटीतून एका बोटाच्या फरकानं बाहेर पडेल एवढी. तीन वर्षं आम्ही त्या होडीला वळसा घालून जेवायला बसलो. पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरात बसवायचं. मुलगी सुट्टीला घरी आली तेव्हा होडीत गादी घालून झोपली आणि सकाळी म्हणाली, "आई, मला तर मस्त वाटलं." तिला मस्त वाटायला काय जातंय, ती चार दिवसांत परत जाते. मी चिडले की मिस्त्री रंधा मारायला घ्यायचे, आणि मी ड्रॉवरच्या मुठीचं नाव काढलं की म्हणायचे, "होडी होऊ दे."

होडीच्या पोटात मधोमध एक उभी खाच असते. तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात. ती नसली तर होडी पुढे जायच्या ऐवजी वाऱ्याबरोबर खेकड्यासारखी आडवी घसरते. उथळ पाणी आलं की फळी वर ओढून घ्यायची, नाहीतर ती वाळूत रुतते. मिस्त्रींनी ही फळी एका जुन्या सागवानी दारातून काढली, एकसंध, जोड नसलेली. खाचेलाही आतून सागवानच लावलं. महिनाभर रोज संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचे. एक दिवस मला दुकानातून हाक मारून बोलावलं आणि फळी वरून खाचेत सोडली. ती सावकाश, जराही आवाज न करता खाली गेली.

"मध्ये कागद घालून बघ," ते म्हणाले.

मी मापाच्या वहीचा एक कागद फाडून घालून बघितला. गेला नाही. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी तोंडाशी आलेला टोमणा गिळून टाकला. नाणं घालून बघायचं काही मला सुचलं नाही. त्यांनाही नाही.

शीड शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कागदासारखं वाजणारं कडक कापड होतं, सुया मोडायच्या. आराखड्याप्रमाणे शिवलं, दुहेरी टाके घातले, काठ असे सरळ आले की पट्टी लावून बघावी.

शर्यतीला पंधरा दिवस राहिले आणि त्यांचा जोडीदार, म्हणजे शेजारचा प्लंबर, ज्यानं तीन वर्षं फक्त आमचा चहा पिऊन सल्ले दिले होते, तो एका गिऱ्हाइकाच्या सिंकखाली वाकला तो वाकलेलाच राहिला. डॉक्टरनं त्याला महिनाभर झोपून राहायला सांगितलं. मिस्त्री संध्याकाळी घरी आले आणि होडीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. मला त्यांची दया आली. माझी सगळी संकटं अशीच दयेपासून सुरू होतात.

"मला पोहता येतं," मी म्हणाले. "होडीतलं काही कळत नाही."

"पंधरा दिवसांत शिकवतो."

"परत आलो की पहिलं काम ड्रॉवरची मूठ."

"पहिलं काम," ते म्हणाले आणि लगेच मला दोरीची गाठ मारायला शिकवायला बसले.

शर्यतीत एकतीस होड्या होत्या. आमची सगळ्यात लहान, नंबर सत्तावीस. मला उशी घ्यायची होती, तर जागा नाही म्हणाले. हत्यारांची पेटी मात्र आली. करवत, पटाशी, रंधा, काटकोन बघायचा गुण्या, लाकडी हातोडा, सगळं. "समुद्रात कपाट करायचंय का?" मी विचारलं. त्यांनी पेटी माझ्या पायांच्या जागी बांधून टाकली. पुढचे सहा दिवस माझे गुडघे हनुवटीला लागलेले होते.

पहिल्या दिवशी वारा समोरून होता. वारा समोरून असला की होडी सरळ जात नाही. एकदा डावीकडे तिरकं, एकदा उजवीकडे तिरकं, अशा येरझाऱ्या घालत पुढे सरकावं लागतं. किनाऱ्यावर एक निळी पाण्याची टाकी होती. सकाळी दहाला ती आमच्या बरोबर समोर होती. आम्ही लांब समुद्रात गेलो, वळलो, परत किनाऱ्याशी आलो. टाकी समोर. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. टाकी समोर. दुपारी एक वाजता मला त्या टाकीवर बसलेले कावळे ओळखू यायला लागले. बाकीच्या होड्या त्याच वाऱ्यात, त्याच पाण्यात, एकेक करून टाकीच्या पलीकडे निघून गेल्या.

"तुमची होडी जडच आहे," मी म्हणाले.

"जड नाही."

"मग पुढे का जात नाही?"

ते वाकून तळ बघत, सुकाणू बघत, मधली फळी वरखाली करून बघत, आणि स्वतःशीच पुटपुटत, कुठे चुकलं, कुठे चुकलं. मला तेव्हा बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांचा राग होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारी दातांचे एक डॉक्टर आपली होडी ओढून आणत होते. त्यांची होडी सोळा फुटी, बरोबर त्यांचा मेहुणा. डॉक्टर म्हणजे विचारल्याशिवाय सांगणाऱ्यांपैकी माणूस. तो आमच्या शिडापाशी आला, मान तिरकी केली आणि दाढ किडलीय असं सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मिस्त्री, हे शीड नाही, हा पडदा आहे. याला पोटच नाही. वारा धरणार कसा?"

मी पाव कापत होते. माझा हात थांबला.

मिस्त्री उठून उभे राहिले. एरवी ते कोणाला अरे म्हणत नाहीत. "डॉक्टर, तुम्ही दात बघा," ते म्हणाले. "शीड माझ्या बायकोनं शिवलंय. तिची शिलाई मी तीस वर्षं बघतोय. दोष असेल तर माझ्या होडीत असेल."

डॉक्टर खांदे उडवून निघून गेले. मिस्त्री अजून धुसफुसत होते. मी पावाचे तुकडे करत राहिले, खायला दोघांना लागतील त्याच्या दुप्पट केले.

कारण मगाशी मी म्हटलं की आराखड्याप्रमाणे शिवलं, ते खरं नव्हतं. आराखड्यात शिडाच्या वरच्या आणि पुढच्या काठाला बाहेरच्या बाजूनं चार बोटं गोलाई दाखवली होती. मला वाटलं, काढणाऱ्याचा हात घसरला असेल. तीस वर्षं पडदे शिवतेय, काठ वाकडा दिसला की माझी कात्री थांबत नाही. मी गोलाई कापून काठ सरळ केले. वर स्वतःवरच खूश झाले की केवढी मोठी चूक सुधारली. मिस्त्रींना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. आणि आता सांगायचं तर ते माझ्यासाठी भांडून आले होते. आता कुठल्या तोंडानं सांगणार? मी त्यांना पाव दिला आणि म्हणाले, "उद्या वारा बदलेल."

तिसऱ्या दिवशी वारा बदलला, आणि फळी जड जायला लागली. दुपारी वर ओढताना मिस्त्रींना दोन्ही पाय खाचेच्या बाजूंना रोवावे लागले. "वाळू गेली असेल," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी फळीला साबण लावला. सकाळी मेणबत्ती घासली. चौथ्या दिवशी अकरा वाजता ती खाली गेली ती गेलीच. दोघांनी मिळून ओढली. दोरी बांधून ओढली. मिस्त्रींच्या तळहातांना फोड आले. मी त्यांच्याकडे बघत होते, ते फळीकडे बघत होते, आणि तेव्हा माझे ओठ आपोआप हलायला लागले.

"लाकूड कापलं तरी जिवंत असतं," मी म्हणाले.

"गप्प बस."

"ओल लागली की फुगतं."

"गप्प बस म्हणतोय ना."

"गिऱ्हाइकाच्या दाराला नाणं जाईल एवढी जागा, आणि स्वतःच्या फळीला कागद जाईल एवढीही नाही! दोनशे घरांत जे कळलं ते आपल्या हॉलमध्ये कसं कळलं नाही हो?"

चूक कबूल करायची वेळ आली की त्यांना हमखास काहीतरी काम आठवतं. त्यांनी डबा घेतला आणि होडीत नव्हतंच ते पाणी उपसायला लागले. मी इतकी संतापले होते की त्या अवस्थेत मला माझं शीड आठवलंसुद्धा नाही.

फळी खाली अडकलेली म्हणजे होडी किनाऱ्याला लागू शकत नाही. बाकीचे लोक फळ्या वर घेऊन थेट वाळूवर येत आणि चहा टाकत. आम्ही छातीभर पाण्यात नांगर टाकून सगळं सामान डोक्यावर घेऊन चालत यायचो. तंबू, भांडी, ब्लँकेटं आणि ती हत्यारांची पेटी. त्या संध्याकाळी आम्ही होडी पाण्यात आडवी पाडली आणि मिस्त्रींनी फळीला खालून हातोड्याचे घाव घातले. फळी हलली नाही. तिची कड मात्र ठेचली गेली. प्रत्येक घावाला त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू दुसरंच कोणी मारतंय आणि यांना बघायला लावलंय. सहा घावांनंतर त्यांनी हातोडा खाली ठेवला.

मुलीचा फोन आला. "बाबांनी तुला अजून बुडवलं नाही ना?"

"अजून नाही," मी म्हणाले. "मीच त्यांना बुडवायच्या विचारात आहे."

पाचव्या दिवशी मी सरळ सांगितलं, "कापून टाका. बाहेर आलेला भाग करवतीनं कापा, संपलं."

"कापली तर समोरच्या वाऱ्यात जाणार कशी?"

"मग उद्या शेवटी कापा."

"सागवान आहे ते," ते म्हणाले. "वाळलं की सुटेल आपोआप."

"वाळणार कुठे? आपण समुद्रात आहोत!"

त्यांनी फळीच्या वरच्या टोकावर ओला हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि विषय संपला. तीस वर्षं आमचे विषय असेच संपतात.

सहाव्या दिवशी पहाटे निघालो. आमच्या मागे एकही होडी नव्हती. तरी हिशोबानं साडेचारला पोचणार होतो आणि वाराही बरा होता. मिस्त्रींनी दाढी केली होती, होडीत, बसल्या बसल्या, गालावर दोन ठिकाणी कापून घेऊन. "फोटो काढतात," ते म्हणाले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की त्यांचं नाव क्लबातल्या त्या फळीवर लागायलाच हवं. माझं लागो न लागो. हॉल गेला, उशी गेली, गुडघे गेले, पण हे एवढं व्हायलाच हवं. ती भावना इतकी जोरात आली की मला माझाच राग आला.

चारला खाडीच्या तोंडाशी आलो. क्लब समोर दिसत होता. लाल छप्पर, झेंडे, काठावर बोटाएवढी माणसं. मध्ये फक्त एक वाळूचा बांध होता, पाण्याखालचा. ओहोटी लागली होती आणि त्याच्यावर जेमतेम गुडघाभर पाणी उरलं होतं. बाकीच्या होड्या फळ्या वर घेऊन त्याच्यावरून सरकून गेल्या होत्या. आमची होडी त्याच्याकडे गेली, खालून घसटण्याचा लांब आवाज आला, आणि ती थांबली.

चार वाजून दहा मिनिटं. मदतीची बोट लगेच आली. पंचांचीच बोट ती, लांब राहून सगळ्यांवर लक्ष ठेवायची. तिच्यावरचा माणूस हातात दोरीचं वेटोळं घेऊन उभा राहिला. "मिस्त्री, ओढून नेऊ का? खोल पाण्यानं वळसा घालून पाच मिनिटांत क्लबात." दोरी घेतली की शर्यतीतून बाद. हे आम्हाला पहिल्याच दिवशी तीन वेळा सांगितलं होतं. आणि तोच वळसा आम्ही ओहोटीविरुद्ध वल्ही मारत घेतला असता तर तासाच्या वर गेला असता.

मिस्त्रींनी समोर क्लबाकडे पाहिलं. खाली फळीकडे पाहिलं. आणि त्यांचा हात दोरीकडे गेला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. फळी कापण्यापेक्षा त्यांना बाद होणं परवडत होतं. तीन वर्षं, माझा हॉल, एकशे ऐंशी किलोमीटर, ती दाढी, आणि हा माणूस एका लाकडाच्या तुकड्यासाठी हे सगळं त्या दोरीला बांधून द्यायला निघाला होता.

"हात लावाल त्या दोरीला तर बघा!" मी एवढ्या जोरात ओरडले की बोटीवरचा माणूस एक पाऊल मागे सरकला. मी पायाखालची पेटी उघडली. सहा दिवस जिच्यामुळे मला पाय लांब करता आले नाहीत त्या पेटीतून करवत काढली आणि पाण्यात उतरले. "तुम्ही कापता की मी कापू?"

"तुला सरळ कापता येणार नाही."

"वाकडी कापीन!"

त्या धमकीनं ते उतरले. डोलकाठी काढून बांधली, होडी मागे कमरेएवढ्या पाण्यात ढकलली आणि एका अंगावर आडवी केली. तळातून बाहेर आलेली फळी आता पाण्याच्या वर आडवी आली. ठेचलेली कड सोडली तर काय सुंदर फळी होती ती. मी होडी धरून ठेवली. मिस्त्रींनी करवत हातात घेतली, फळीला लावली, आणि परत खाली घेतली.

"गुण्या दे," ते म्हणाले.

"काय?"

"गुण्या. रेघ मारतो."

"अहो, साडेचार वाजले! खाली कोण बघणार आहे?"

"मी."

आणि खरोखर, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, ओहोटी आमच्या पायांमधून निघून जात असताना, त्यांनी गुण्या लावला. पेन्सिल ओल्या लाकडावर उमटेना. खिळ्यानं ओरखडून रेघ मारली. एका बाजूनं मारली, मग दुसऱ्या बाजूनं, मग दोन्ही जुळतात का ते वाकून पाहिलं. जुळली नाही, पुन्हा मारली. दहा मिनिटं. होडी माझ्या हातांतून निसटत होती, आणि मी रडत होते. दुःखानं नाही, निव्वळ वैतागानं. मग त्यांनी कापायला घेतलं. दमले की मी कापत होते आणि ते माझ्या मनगटाकडे बघत "सरळ, सरळ" म्हणत होते. फळी सुटली आणि पाण्यावर तरंगत निघाली. त्यांनी आधी ती पकडून होडीत टाकली, मग होडी उभी केली.

पाणी उपसलं. दोघं दोन बाजूंनी होडी ढकलत बांधावरून चालायला लागलो. आता ती कशालाही न अडता सरकत होती. आम्ही बांधाच्या मधोमध होतो तेव्हा क्लबातून लांब शिट्टी ऐकू आली. पाच वाजले होते.

मिस्त्री थांबले नाहीत, म्हणून मीही थांबले नाही. पलीकडे खोल पाणी लागलं, आत चढलो, एकेक वल्हं घेतलं आणि मारत राहिलो. क्लबाच्या धक्क्याला लागलो तेव्हा पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती.

धक्क्यावर पंचबाई यादी घेऊन बसल्या होत्या, गळ्यात तीच शिट्टी. चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी आम्हाला टॉवेल दिले, चहा मागवला, आणि मग म्हणाल्या, "नऊ मिनिटं, मिस्त्री. मला फार वाईट वाटतंय." त्यांच्यामागे, उघड्या दारातून, भिंतीवरची ती फळी दिसत होती. मिस्त्रींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग पाठ फिरवली. त्यांच्या गालावरच्या दोन कापल्याच्या खुणा पाण्यानं पांढऱ्या पडल्या होत्या.

"इथे उशिराचं कारण लिहावं लागतं," पंचबाई म्हणाल्या. "ओहोटी लिहू? सगळे तेच लिहितात."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "फळीला फुगायला जागा सोडली नाही. कारागिराची चूक. असं लिहा."

तीस वर्षं. तीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघतेय, आणि ते त्यांनी म्हटलं कोणाला, तर एका परक्या बाईला, तेही यादीत लिहून घ्या म्हणून. मी आनंदानं नाचायला हवं होतं. पण पंचबाईंनी पेन टेकवलं आणि मला ती निळी पाण्याची टाकी आठवली. तिच्यासमोर आमचे तीन तास गेले होते. तिथे नऊ मिनिटं केव्हाच वाचली असती.

"थांबा," मी म्हणाले. "फळी तर चौथ्या दिवशी अडकली. आम्ही पहिल्या दिवसापासून मागे आहोत. शिडामुळे. आराखड्यात चार बोटं गोलाई होती, ती मी कापून टाकली. पडद्यासारखे काठ सरळ केले. हे लिहा."

मिस्त्री सावकाश माझ्याकडे वळले. "चार बोटं?"

"चार."

"केव्हा कळलं तुला?"

"डॉक्टर बोलला तेव्हा."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "म्हणजे मी सहा दिवस होडीला शिव्या घालतोय."

"हो."

"आणि त्या डॉक्टरला, तुम्ही दात बघा म्हणालो."

"हो."

पंचबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. "एकच ओळ आहे हो इथे," त्या म्हणाल्या. "एकच कारण बसेल."

"माझं लिहा," मिस्त्री म्हणाले.

"नाही, माझं लिहा. माझ्यामुळे जास्त वेळ गेला."

"तुझ्या शिडासकटसुद्धा आपण वेळेत पोचलो असतो. फळी माझी होती."

"आणि गुण्या कोणाचा होता?"

असं आम्ही, ओले, टॉवेल गुंडाळून, कोणाची चूक जास्त यावर भांडायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघंही चूक आपापल्याकडे ओढत होतो. पंचबाईंनी शेवटी काय लिहिलं ते आम्ही बघितलंच नाही. मिस्त्री मध्येच उठले आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर बसले होते तिकडे गेले. लांबून मला त्यांची खाली गेलेली मान दिसली. दहा मिनिटांनी परत आले.

"माफी मागितली," ते म्हणाले. "तो म्हणतो, चार नाही, पाच बोटं हवी."

आता होडी परत हॉलमध्ये आहे. पुढचं दार काढून, एका बोटाच्या फरकानं आत घेतली. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाचेतला अडकलेला तुकडा पटाशीनं काढला आणि खाच दोन्ही बाजूंनी रंधून घेतली. मग मला दुकानातून हाक मारली आणि माझ्या हातात एक नाणं दिलं. मी ते खाचेत लावलेल्या नव्या फळीशेजारून खाली सोडलं. होडीखालच्या फरशीवर ते पडल्याचा आवाज आला.

कापलेला सागवानी तुकडा अजून कपाटावर आहे. "त्याची मूठ करा की ड्रॉवरला," मी म्हणाले.

"एवढं चांगलं लाकूड मुठीत घालवू?" ते म्हणाले. "पुढची शर्यत होऊ दे."

मी काहीतरी सणसणीत बोलणार होते. पण शीड मांडीवर पसरलेलं होतं, काठ उसवायचे होते, पाच बोटं गोलाईची पट्टी जोडायची होती, आणि टाके उसवायची बारीक कात्री मधल्या ड्रॉवरमध्ये होती. मी उठले आणि चमचा शोधायला लागले.